जांभळ्याचा पिवळा

उम्म अल कुवैनच्या खाडीत पाणी आज सदतीस अंश.
बशीर परकार म्हणतो,
आंघोळीला काढून विसरलेल्या बादलीसारखं.
हर्णैचा माणूस. एकवीस वर्षं इथे,
अजून भांगाला भांग म्हणतो, उधाणाला उधाण.

खारफुटीच्या मुळांशी वाकून
त्याने बर्फाच्या डब्यात ठेवला काळपट स्पंज.
डोळा नाही, हाड नाही,
हातात घ्यावा तर जुन्या जोड्याच्या तळव्यासारखा.
एकदा बसला की बसला, जन्मभर त्याच दगडावर.

पळता येत नाही त्याला.
उन्हाळ्यात मासे खोल थंडाव्यात उतरतात,
साहेबलोक जॉर्जियाला जातात,
हा इथेच. मीठ अंगावर, ऊन माथ्यावर,
येईल जाईल तो चावा घ्यायला मोकळा.
म्हणून आतल्या आत काहीतरी मुरवत बसतो
लोणच्यासारखं,
ज्याचं नाव मला अजून सापडलेलं नाही.

अशा चौदा फेऱ्या. चार किलो स्पंज.
कापला, मिथेनॉलात भिजवला, गाळला, आटवला,
पुन्हा गाळला.
प्रयोगशाळेला आठवडाभर बंदरासारखा वास,
लिफ्टमध्ये लोक माझ्यापासून जरा लांब उभे.
शेवटी कुपीच्या तळाशी उरलं
अकरा मिलिग्राम.
शिंक आली असती तर गेलं असतं.

मग शहाण्णव खळग्यांची ताटली,
आणि प्रत्येकात तो जांभळा द्राव.
त्याच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला,
बॅचलर खोलीतल्या माणसासारखा चिडका,
दिसेल त्याच्या खिशात हात घालणारा.
ज्याच्याकडे द्यायला असतं तो देतो,
आणि जांभळ्याचा पिवळा होतो.
एवढंच. याला आम्ही परिणाम म्हणतो.
अर्धा तास अंधारात ठेवायचं.
मी दार लोटून बाहेर उभी,
बाळंतिणीच्या नातेवाइकासारखी.

उघडलं.
क जीवनसत्त्वाची रांग केव्हाच पिवळी,
हुशार मुलीसारखी.
आमची रांग उशिरा, कडेकडेने,
पण झाली.

उंदराच्या पेशींवरही पाहिलं नंतर.
त्यांना मुद्दाम खिजवलं, त्या फुगल्या रागाने,
मग आमचा थेंब.
राग निवला थोडा. सगळा नाही.
डॉक्टर मैथा म्हणाल्या, "थोडा" असा शब्द अहवालात नसतो.
आकडा लिहा.

बशीरने त्या दिवशी हात पुढे केला.
बोटांचे पेर सुजलेले, आल्याच्या गड्ड्यांसारखे,
दोर ओढून, बर्फात घालून, पुन्हा दोर ओढून.
"ह्याच्यावर कधी लावायचं तुमचं?"
मी म्हटलं, दहा वर्षं. कदाचित कधीच नाही.
ताटली म्हणजे शरीर नव्हे, बशीरभाई.
तो हसला. "ताटलीचं दुखणं तरी बरं झालं ना?"
आणि खिशातून काढली कोकमतेलाची वडी,
बहिणीने हर्णैहून पाठवलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
अर्ध्या मथळ्याची शाई तिच्यावर उमटलेली.
बोटांना चोळत राहिला,
आणि बंदराच्या त्या वासात
आमसुलाचा वास मिसळला.

रात्री, सगळे गेल्यावर,
मी त्या वडीचा नखभर तुकडा
शेवटच्या रिकाम्या खळग्यात टाकला.
विरघळता विरघळेना,
मिथेनॉलावर तरंगत राहिला हट्टी, पांढुरका.
अर्धा तास अंधार.
दिवा लावला तर
जांभळा म्हणावा तर नाही,
पिवळा म्हणावा तर तेही नाही.

वहीत लिहिलं नाही.
ताटली कचऱ्यात टाकताना हात क्षणभर थांबला, मग टाकली.

बशीरला सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.
उद्या उधाण आहे म्हणाला,
सुकती पहाटे चारला,
मोठी बादली घेऊन ये.